आठ नंबरचा शर्ट

कालोजेरो सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता, आणि अगाताला खरं तर ते बरंच वाटत होतं. नवरा गप्प असला की निदान कामं उरकतात. आज सेंट जोसेफचा दिवस. थोरल्या लेकाच्या, सँटोच्या लहानपणच्या तापात बोललेला नवस, तो ती गेली बावीस वर्षं फेडत होती; दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला लावून लांबलचक टेबल मांडायचं आणि येईल त्याला जेवू घालायचं. मांस नाही, चीज नाही. शेवयांवर नुसता भाजलेल्या पावाचा चुरा, कारण संत जातीनं सुतार, आणि तो चुरा म्हणजे त्याच्या करवतीचा भुसा. या दिवसाचा कायदा एकच: दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. मग तो शत्रू असो नाहीतर व्याही असो, असं नणंद पिना म्हणायची.

पाहुणे एक वाजता यायचे होते. आता अकरा वाजले होते आणि स्वयंपाकघरात भांडण पेटलेलं होतं.

"दोन दिवस, सँटो," गॅस्पर म्हणाला. धाकटा. एकतीस वर्षांचा, हात छपरांच्या डांबरानं काळे झालेले. लग्न मोडल्यापासून तो वरच्या मजल्यावर राहत होता. "मी काही जन्मभर खेळायला चाललो नाही. मला दोनच दिवस हवेत."

"दोन दिवस असू दे नाहीतर दोन चेंडू. संपाची रेषा एकदा ओलांडलीस की ओलांडलीस."

"तुला बोलायला काय जातंय?"

खरंच, सँटोला बोलायला काय जात होतं? नऊ वर्षं तो मालक हार्मनच्या बेसबॉल टीमकडून सेकंड बेसवर खेळत होता आणि टीममध्ये युनियनचा प्रतिनिधीही तोच होता. गेल्या ऑगस्टात खेळाडूंनी संप केला, तेव्हा लॉकर रूममध्ये हात वर करायला यानंच सांगितलं होतं. मालकांना पगारावर झाकण हवं होतं, म्हणजे टीमनं पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा; खेळाडूंना ते नको होतं. सीझन बुडाला, वर्ल्ड सिरीज बुडाली, नाताळच्या तोंडावर मालकांनी झाकण लादलं, आणि आता दोन एप्रिलला जो येईल त्याला शर्ट घालून ते सीझन सुरू करणार होते. सुतार, ट्रकवाले, शाळामास्तर, कधीकाळी चेंडू हातात धरलेले कुणीही. गुरुवारी गॅस्परला फोन आला होता. उद्या सकाळचं फ्लोरिडाचं विमान. तिथं कॅम्पात सही करायची आणि परवा पहिली सराव मॅच.

गॅस्पर मोठ्या लीगमध्ये एकदाच खेळला होता, सहा वर्षांपूर्वी, टेक्सासच्या एका टीमकडून, कॅचर म्हणून, फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारा. एक्केचाळीस दिवस. त्रेचाळीस भरले की म्हातारपणी पेन्शन बसते. दोन दिवस कमी पडले आणि त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. तेव्हापासून तो त्या दोन दिवसांविषयी असा बोलायचा, की ते कुणीतरी त्याच्या खिशातून काढून नेले होते.

अगाता चण्याची परात निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ओरडू नका रे. वरच्या मिसेस डफींना ऐकू जातं."

"वर मीच राहतो, मम्मा."

"मग शेजारच्या."

पिनाआत्या टेबलाच्या टोकाला बसून संत्र्यांच्या फोडी करत होती. तिनं चष्मा नाकावर ओढला. "कागद कुठाय तो? ज्यावर सही करायची?"

गॅस्परनं मागच्या खिशातून घडी काढली. फॅक्सचा कागद, कडा वळलेल्या. पिनानं तो दोनदा वाचला. तिचा नवरा नुंझिओ पोलादाच्या कारखान्यात होता. एकोणसाठच्या संपात एकशे सोळा दिवस हिनं बटाटे उकडून घर चालवलं होतं. त्यामुळे कराराचा कागद वाचायला तिला वकील लागत नसे.

"यात पाच हजार आहेत. टीमात राहिलास तर आणखी पाच. तुझे दिवस कुठेत यात?"

"ते तोंडी सांगितलंय. बघू म्हणाले."

"बघू!" पिना म्हणाली. "नुंझिओच्या मालकानंही तीस वर्षं बघितलं."

"पेन्शनचा फंड मालक आणि युनियन दोघांचा आहे, गॅस," सँटो आता जरा खालच्या आवाजात म्हणाला. "संप मोडायला आलेल्याचे दिवस युनियन धरेल? उलट तुझे आहेत ते एक्केचाळीसही कुणाच्या लेखी राहणार नाहीत. उद्या मला कुणी मॅनेजर म्हणून घेतलं, मी तुला कोच म्हणून आणायचं म्हटलं, तर लॉकर रूममध्ये तुझ्याशी एक माणूस बोलणार नाही. आणि माझा फोन कालपासून वाजतोय. युनियनवाले म्हणतात, आधी घरात बघ."

"हां, म्हणजे काळजी तुझ्या फोनची आहे!"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बोलू दे त्याला. नऊ लाख डॉलर घेणारा माणूस कामगारांच्या हक्कांवर बोलतोय. ऐकलं पाहिजे आपण."

कालोजेरो. सकाळपासूनचं मौन त्यानं या वाक्यासाठी राखून ठेवलं होतं, हे अगाताला लगेच कळलं.

पिना खो खो हसली. "लखपती कामगार! माझा नुंझिओ असता तर त्यानं सँटोसोबत फोटो काढून घेतला असता."

"आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी संपाच्या बाजूची आहे, बाळा. तुझ्या गाडीच्या बाजूची नाही."

कालोजेरो खुर्ची ओढून बसला. बसताना उजवा गुडघा सरळ ठेवायचा, ही तो याच टीमकडून खेळायचा तेव्हापासूनची सवय. "झाकण घालतायत तर घालू दे की. पोरं आपण वाढवायची, आणि जरा चांगली निघाली की न्यूयॉर्कवाले उचलून नेणार. पंधरा वर्षांत या गावानं ऑक्टोबरची, शेवटच्या फेरीची एक मॅच पाहिली का? सगळ्यांना सारखाच खर्च करू दे, मग बघू कुणात किती दम आहे."

"सारखं व्हायचं असेल तर श्रीमंत मालकांनी गरीब मालकांना वाटा द्यावा ना, पपा. ते एकमेकांना दमडी द्यायला तयार नाहीत, म्हणून आमच्याकडून घेऊन सारखेपणा आणणार. तिकिटावर झाकण आहे? स्टेडियममधल्या बिअरवर आहे? आणि तुमच्या वेळी तर झाकणच होतं. दुसऱ्या टीमनं दुप्पट दिले असते तरी तुम्हाला हलता येत नव्हतं. तेव्हा जिंकत होतो का आपण?"

"हरतच होतो," कालोजेरो म्हणाला. "पण तीच पोरं हरायची. ओळखीची."

सँटोनं संत्र्याची एक फोड उचलून तोंडात टाकली.

"आणि तुझ्या युनियनचं मला सांगू नकोस," कालोजेरो पुढं म्हणाला. "माझ्या वेळी चार वर्षं लागायची पेन्शनला. माझे अकरा दिवस कमी पडले. अकरा! मग ऐंशी साली तुमच्या युनियननं चार वर्षांचे त्रेचाळीस दिवस केले. छान झालं. पण कुणासाठी? पुढच्यांसाठी. मागं राहिलेल्यांना कुणी विचारलं? स्वतः आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यामुळे हा जातोय तर मी त्याला अडवणार नाही. घरात एकाचे तरी दिवस भरू देत."

गॅस्परनं वडिलांकडे पाहिलं. बापानं आपली बाजू घ्यावी, ही गोष्ट त्याला आजवर कधी मिळाली नव्हती. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. चण्यांतला खडा अगातानं उचलला आणि हातातच धरून ठेवला.

तिला काय हवं होतं? तिचं तिला कळत नव्हतं, आणि त्याचा तिला रागही येत होता. सव्वीस वर्षं ती टीमचे शर्ट शिवत होती. नवीन खेळाडू वर आला की सामानघरातून शर्ट यायचा, ती पाठीवर कापडी अक्षरं लावायची. खाली पाठवला की शर्ट परत यायचा. ती अक्षरं उसवायची, कापड धुऊन इस्त्री करायची, आणि पुढच्याचं नाव. कालोचं नाव तिनं शिवलं होतं. सँटोचं शिवलं होतं, दर सीझनला दोन शर्ट, पांढरा आणि करडा. गॅस्पर टेक्सासला खेळला. त्याचं नाव कुणा परक्या बाईनं शिवलं आणि परक्या बाईनंच उसवलं. उद्या हा गेला तर निदान एकदा धाकट्याचं नाव आपल्या हातून होईल, असं तिच्या मनात गुरुवारपासून येत होतं. आल्याची लाजही वाटत होती.

बेल वाजली. एक वाजायला अजून तास होता.

दारात हॉलिस व्हर्नन उभा होता, टीमचं सामानघर सांभाळणारा. उंच, वाकलेला, हातात तपकिरी कागदाची पिशवी. आत सँटोला पाहून तो उंबऱ्यावरच थबकला.

"मिसेस इंग्रासिया, मी नंतर येतो."

"आज कुणी नंतर येत नाही," अगाता म्हणाली. "आत या. बसा. खा."

कायदा म्हणजे कायदा. हॉलिस बसला. पिनानं त्याच्यापुढं संत्र्याची बडीशेप घातलेली कोशिंबीर सरकवली. त्यानं दोन फोडी खाल्ल्या, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"काय आणलंस, हॉलिस?" सँटोनं विचारलं. दोघं नऊ वर्षांचे दोस्त. संपात सामानघराच्या माणसांचाही पगार अर्ध्यावर आला होता, आणि सँटोनं ख्रिसमसला त्याला गुपचूप एक पाकीट दिलं होतं. हे फक्त अगाताला ठाऊक होतं.

"काम आहे जरासं. शिवणाचं. बाकीच्यांची नावं फ्लोरिडातच छापतायत, हे एवढं... ऑफिसमधून सांगितलंय मला. मी आपला आणून देणारा."

अगातानं त्याच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि शर्ट बाहेर काढला. पांढरा, घरच्या मॅचचा. तिला पाठ बघायचीही गरज पडली नाही. डाव्या बाहीला कोपरापाशी रफू होतं, त्र्याण्णवच्या जूनमध्ये तिनंच केलेलं, सँटो घसरत बेसवर गेला होता तेव्हाचं.

"हा सँटोचा आहे," ती म्हणाली.

"हो. आडनाव तेच आहे ना. मापही जवळपास एकच. नवीन नको म्हणाले. फक्त आठच्या आधी एक चार लावायचा, की झाला अठ्ठेचाळीस."

शेवयांचं पाणी उकळून झाकण थडथडत होतं. पिनानं उठून गॅस बारीक केला.

"माझा शर्ट," सँटो हळूच म्हणाला.

गॅस्परचा चेहरा लाल झाला होता. "मला माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, मला..."

"तुला कुठून माहीत असणार!" पिना म्हणाली. "तुला काही सांगायची पद्धत आहे का त्यांच्यात?"

"शर्ट म्हणजे शर्ट," कालोजेरो म्हणाला, पण त्याचा आवाज मघाचा नव्हता. "दिवस भरल्याशी मतलब. अगाता, लावून टाक तो चार."

अगातानं शर्ट टेबलावर उलटा पसरला. पिनानं संत्र्यांचं पातेलं बाजूला घेतलं. पाठीवर नऊ निळी अक्षरं, दुहेरी टाक्यांची, मजबूत. मग अगातानं एप्रनच्या खिशातून टाके उसवायची छोटी सुरी काढली. ती सुरी तिच्याजवळ कायम असे, चर्चमध्येसुद्धा.

"कालो," ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर साली, सप्टेंबरात. तुझा शर्ट माझ्याकडे सकाळी साडेनऊला आला होता."

कालोजेरोनं वर पाहिलं.

"तुला संध्याकाळी सांगितलं त्यांनी. मला सकाळीच कळलं होतं. साडेनऊला म्हणाले, हे नाव काढ, आणि मी काढलं. दुपारी तू जेवायला आलास, मी तुला वाटाण्याचं सूप वाढलं, आणि बोलले नाही. मला वाटलं, मॅनेजरनं सांगावं, बायकोनं नाही. कामावरची गोष्ट घरी बोलायची नाही, असं मला वाटलं." तिनं सुरीचं पातं एप्रनला पुसलं. "तुझा गुडघा तेव्हा भोपळ्याएवढा सुजला होता. तू लपवला होतास सगळ्यांपासून. दुपारी मी सांगितलं असतं आणि तू जाऊन डॉक्टरला तो गुडघा दाखवला असतास, तर जखमी माणसाला त्यांना खाली पाठवता आलं नसतं. तुझे अकरा दिवस बिछान्यात पडूनही भरले असते. एकवीस वर्षं मी हे गिळून बसलेय."

बापरे, असं पिना पुटपुटली आणि तिनं छातीवर क्रॉसची खूण केली. मुलं दोघंही आईकडे बघत राहिली. आई कधी इतकं सलग बोललेली त्यांनी ऐकली नव्हती.

कालोजेरोनं गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "तुझ्या बाहीला निळा दोरा होता."

"काय?"

"जेवताना. सूप वाढलंस तेव्हा तुझ्या बाहीला निळा दोरा चिकटलेला होता. मला दिसला." तो टेबलाच्या लाकडाकडे बघत बोलत होता. "मला वाटलं, तसं काही असतं तर ही बोलली असती. ही बोलत नाही, म्हणजे दोरा दुसऱ्या कुणाचा. मीही विचारलं नाही. गुडघा दाखवायचा तर दुखतंय हे कबूल करावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं, अगाता. तू सांगितलं असतंस तरी."

अगाताला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. एकवीस वर्षं दोघांनी एकाच ताटलीतून खाल्लं आणि एकाच गोष्टीवर दोघं गप्प! तिनं सुरीचं टोक पहिल्या अक्षराखाली घातलं.

"मम्मा, काय करतेस?" गॅस्पर उभा राहिला.

"नाव काढतेय."

"मम्मा, उद्याचं विमान आहे माझं!"

"तू जा. मी तुला नको म्हणत नाही. तू मोठा माणूस आहेस. कोरा शर्ट घालून जा, अठ्ठेचाळीस नंबर मी हवा तेवढा ठसठशीत लावून देते." टाके तटतट तुटत होते. तिचा हात सवयीचा, डोळे न लावताही चालणारा. "पण या वेळी मी आधी विचारणार. हॉलिस, भिंतीवर फोन आहे. फ्लोरिडाला लावा. त्यांना सांगा, शिवणारणीनं नाव उसवलं, दुसरं लावून द्यायला ती तयार नाही, कॅचर कोऱ्या शर्टात येतोय. चालेल का विचारा."

हॉलिसनं सँटोकडे पाहिलं, मग गॅस्परकडे. गॅस्परनं मान हलवली. "लावा की. मला काय! मी हातानं खेळतो, पाठीनं नाही."

हॉलिसनं चष्मा लावून नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ कुणी उचललं नाही. मग उचललं. हॉलिस भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलला. "हो सर", "नाही सर", "फक्त नाव नाही, माणूस तोच", एवढंच ऐकू आलं. मग तो नुसता ऐकत राहिला. अगातानं सातवं अक्षर सोडवलं. आठवं.

हॉलिसनं फोन ठेवला, पण वळला नाही.

"काय म्हणाले?" गॅस्परनं विचारलं.

"ओपनिंग डेची पोस्टरं छापून झालीत. त्यावर आडनाव आहे. नुसतं आडनाव." हॉलिसला पुढचं सांगवेना. "लोक तिकीट काढतील, त्यांना वाटेल, सँटोच... तू समजून घे, पोरा."

"आणि नाव नसलं तर?"

"म्हणाले, मग राहू दे. कॅचर त्यांच्याकडे चार आहेत."

गॅस्पर खाली बसला. डांबरानं काळे झालेले हात त्यानं टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. सहा वर्षं तो हिवाळ्यात तळघरात गादीवर चेंडू फेकत होता, दोन दिवसांसाठी. ते अगाता रोज वरून ऐकत होती. तिला वाटलं, आपण पोराला वाचवलं. आणि लगेच वाटलं, आपण त्याला मारलं. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं.

सँटो त्याच्या शेजारी येऊन बसला. "गॅस," एवढंच म्हणाला. गॅस्परनं खांदा आकसला, पण उठून गेला नाही. कालोजेरोनं टेबलाच्या पलीकडून हात लांब करून धाकट्याच्या मनगटावर ठेवला. कुणी कुणाला बरोबर म्हणालं नाही.

"याचे दोन दिवस आणि त्याचे अकरा," पिना शेवटी म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "या घरात तेरा दिवसांवरून लोक म्हातारे झाले. चला, उठा. एक वाजत आला."

अगातानं नऊ अक्षरं गोळा केली. शर्टाची घडी घातली आणि कोरा शर्ट हॉलिसच्या पिशवीत ठेवला. अक्षरं कुठं ठेवावीत ते तिला सुचेना. मग तिनं ती गॅस्परच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती बघितली आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकली.

एकला पाच मिनिटं कमी असताना पुढच्या दारावर टकटक झाली. सेंट जोसेफच्या दिवशी तीन मुलं पवित्र कुटुंब होऊन येतात, आसरा मागतात. आतल्यानं त्यांना दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्या खेपेला दार उघडायचं. या घरात दारामागं उभं राहायचं काम लहानपणापासून गॅस्परचं. त्याचा आवाज जाड होता आणि मुलं त्याला खरोखर घाबरायची. तो उठून दाराशी गेला. सगळे मागून बघत होते.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"आम्ही येशू, मेरी आणि जोसेफ," बाहेरून सँटोच्या धाकट्या लेकीचा किनरा आवाज आला. "आम्हाला राहायला जागा हवी."

आता त्यानं म्हणायचं होतं, इथं जागा नाही, पुढं जा. गेली वीस वर्षं तो म्हणत आला होता. अगाता वाट बघत होती. गॅस्परचा हात कडीवर होता, पाठ त्यांच्याकडे. पाठीवर नुसता निळा कामाचा शर्ट.

त्यानं दार उघडलं.

बाहेर तीन मुलं अंगावर चादरी गुंडाळून उभी होती. जोसेफ झालेल्या मुलीच्या हातात काठी होती आणि ती गोंधळून गेली होती.

"काका, तू चुकलास," ती म्हणाली. "तू आधी दोनदा नाही म्हणायचं असतं."

"माहितीय मला," गॅस्पर म्हणाला. "या आत."